रंगाखालचा पत्रा

"ताई, दिवा लागलाय गं. स्विच चालूच आहे, दोनदा पाहिला."

मग खरखर. मग खरखरही नाही.

धाकट्याचा तो आवाज अजून तिच्या कानात होता, ढगांच्या पोटातून आलेला, जरासा हसरा. तेव्हा ती या धावपट्टीच्या रेडिओवर बसायची. भाऊ परतला नाही. दुसऱ्या दिवशी विमानदुरुस्तीच्या कारखान्याच्या दारात उभं राहून उस्तादांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "पोरानं चार्जिंगचा स्विचच लावला नव्हता. बॅटरी उतरली, रेडिओ गेला, ढगात वाट सांगायला कोणी उरलं नाही." जळून गेलेल्या विमानाला काय विचारणार, आणि बहिणीचं म्हणणं कोण धरणार? आई मात्र जाईपर्यंत पुटपुटत राहिली, "एवढंसं बटण, बाळा. तेवढंही नाही दाबलंस?"

तिने रेडिओ सोडला आणि उस्तादांच्याच हाताखाली पाना धरला. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "दोष हाताला लागल्याशिवाय तोंड उघडायचं नाही." तिने उघडलं नाही.

आज उस्तादांच्या स्वतःच्या विमानाचा लाल दिवा सकाळपासून छळत होता. इंजिन चालू, अल्टरनेटर फिरतोय, तरी बॅटरीत वीज जात नव्हती. मधेच जायची, मधेच नाही. उस्तादांनी अल्टरनेटर बदलला. मग रेग्युलेटर बदलला.

"सगळं विमान नवं झालं," चष्मा म्हणाला. कारखान्यात त्याला कोणी दुसऱ्या नावाने हाक मारत नसे. "जुना तेवढा दिवाच राहिला."

उस्ताद हसले नाहीत. चिडले की ते विमान पुसत बसायचे. मागच्याच महिन्यात त्यांनी ते नखशिखांत रंगवलं होतं, पांढरंशुभ्र. "माझ्या हातचं विमान उन्हात ठेवा," ते म्हणायचे, "पाखरं येतील आपलं रूप बघायला."

ती मीटर घेऊन इंजिनाशी वाकली. एक टोक बॅटरीच्या ऋण बाजूला, दुसरं रेग्युलेटरच्या अंगाला. काटा जागचा हलायला नको होता. हलला, म्हणजे वाटेत कुठेतरी जोड कच्चा होता. तिने बोटाने वाट धरली, रेग्युलेटरपासून वीज परत नेणाऱ्या अर्थच्या वायरीवर, वायरीवरून इंजिनामागच्या पत्र्यावर. तिथला नट सोडवला, वॉशर उचलला.

खाली रंग होता. गुळगुळीत, जाड, आरशासारखा.

वायर पत्र्यावर नव्हतीच, रंगावर बसली होती. विजेला उघडा पत्रा लागतो. हादऱ्याने नटाची कड कुठे रंगात रुतून पत्र्याला टेकली तर वीज वाहायची, सरकली की तुटायची.

भावाचं विमानही, तो गेला त्याच आठवड्यात, रंगून आलं होतं. उस्तादांनीच रंगवलेलं. पंखावर तळवा फिरवत तो म्हणाला होता, "ताई, बघ ना, तोंड दिसतंय यात."

तिच्या खिशात पॉलिश पेपर होता. चार हात मारले की पत्रा उघडा पडला असता. तिने तो बाहेर काढला, बघितला, आणि परत खिशात घातला. वायर होती तशीच रंगावर ठेवली. नट आवळला. मग दारात येऊन तिने वर पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत नखभरही ढग नव्हता.

"जमलं का गं?" उस्तादांनी विचारलं.

"इंजिन बंद पडणार नाही, उस्ताद."

"ते मला शिकव. इंजिनाची ठिणगी त्याची त्याला असते, बॅटरी मेली तरी ते चालतं. दिव्याचं बोल."

"आत्ता तरी विझलाय."

"मग एक चक्कर मारून बघतो."

विमान चकाकत वर गेलं. ती रेडिओपुढच्या खुर्चीत जाऊन बसली.

"तू?" चष्मा म्हणाला. "इथे?"

दिवसभराच्या खटाटोपाने बॅटरी आधीच अर्धी झाली होती, हे तिला ठाऊक होतं. वाट बघावी लागली, पण फार नाही.

"दिवा लागलाय," उस्तादांचा आवाज आला. थोडं थांबून पुन्हा, "स्विच चालू आहे. दोनदा पाहिला मी."

तिने बोलायच्या कळीवर अंगठा ठेवला. दाबला नाही.

"पोरी, ऐकतेस ना?"

खरखर.

"अगं, कोणी आहे का तिकडे?" आवाज पातळ झाला होता, धुऊन धुऊन विरलेल्या कापडासारखा.

"बोल ना," चष्मा कुजबुजला. "अगं, बोल की." कारखान्याच्या दारात माणसं जमली होती, त्याच दारात. तिने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. त्या खरखरीत उस्तादांना तिने आणखी थोडा वेळ ठेवलं, तिला जेवढं राहावं लागलं त्याच्या मानाने अगदीच थोडा.

मग कळ दाबली.

"ऐकतेय, उस्ताद. आकाश मोकळं आहे. धावपट्टी दिसतेय तुम्हाला, या खाली. त्याला दिसत नव्हती." तिचा आवाज कुठेही हलला नाही. "दोष हाताला लागलाय. अर्थच्या वायरीखाली तुमचा रंग आहे. त्याचाही स्विच चालूच होता, उस्ताद. त्यानंही दोनदा पाहिला होता."