लाल गोल

सातव्या बैठकीत एकदाचा फॉरमॅट ठरला. प्रयोगशाळेच्या कॉम्प्युटरने वॉर्डातल्या कॉम्प्युटरला रक्ताचे रिपोर्ट कोणत्या रकान्यांत पाठवायचे, यावर तीन महिने काथ्याकूट चालला होता. हॉस्पिटलसाठी ही सॉफ्टवेअर जोडणी करणाऱ्या वैजयंतीचं डोकं भणभणत होतं. हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टरांनी कागदावर सही ठोकली, तशी ‘सुटले एकदाची’ म्हणत तिने लॅपटॉप मिटला.

“मॅडम, रिपोर्ट धोक्याचा असला की मी आकड्याभोवती लाल गोल करतो आणि कागद घेऊन वॉर्डात पळतो,” प्रयोगशाळेतले तुंगारेकाका पहिल्यांदाच बोलले. “तो गोल ह्यात कुठे जातो?”

सही झालेल्या कागदावरचे रकाने तिने पुन्हा वाचले. गोलाला जागाच नव्हती.

“पुढच्या वेळी बघू,” डॉक्टर उठता उठता म्हणाले.

“काका, पळायला कधी उशीर झालाय?” तिने विचारलं.

“एकदाच,” काका खाली बघत म्हणाले.

तिने लॅपटॉप पुन्हा उघडला.