घट्ट झाकणं

म्हैसूरच्या आमच्या प्रयोगशाळेत बारा बरण्या होत्या. प्रत्येकीत तेलगळती झालेल्या खाडीचा एक किलो गाळ, त्यात चार ग्रॅम तेल. ते आपोआप घटलं नाही, तर खाडीचा तळ उपसणार होते. मग तिथे तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचणाऱ्या बायकांच्या पोटावर पाय येणार होता. सहा आठवड्यांनीही चारच ग्रॅम भरलं. मग मी सैल ठेवलेली झाकणं घट्ट दिसली.

सफाईच्या गिरिजाबाईंना विचारलं.

“मीच आवळते की रोज! अय्यो स्पृहाम्मा, लोणच्याची बरणी कुणी अशी ठेवतंय काय? वारा लागला तर बुरशी धरंल!”

“अहो, बुरशीच तर हवीय! तीच तेल खाते!”

हसत हसत आम्ही बाराही झाकणं सैल केली.

आणखी सहा आठवड्यांनी दर बरणीत सरासरी १.१ ग्रॅम तेल उरलं.