ग्राफवाला कॅल्क्युलेटर

"साधा नको. ग्राफ काढणारा दाखवा," भीमराजनी काउंटरवर थाप मारली.

दुकानदारानं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग शेजारी उभ्या सुनेकडे. "कुणासाठी, काका?"

"मुलीसाठी."

"माझी नणंद, तेजल. इंजिनिअरिंगला आहे," किरणनं सांगून टाकलं.

"तूच बघ गं," भीमराज म्हणाले. "मला यातलं ओ की ठो कळत नाही."

किरणला कळत होतं, चांगलंच कळत होतं. बी.एस्सी.ला गणितात ती कॉलेजात पहिली आली होती. पुढे एम.एस्सी. करायचं आणि कॉलेजात शिकवायचं, हे तिचं पक्कं ठरलेलं. मग लग्न होऊन ती घाटकोपरला, पंतनगरला आली. पाठोपाठ सासूबाईंचे, शकुताईंचे गुडघे धरले आणि घरचा सगळा स्वयंपाक हिच्याकडे आला. या शुक्रवारी एम.एस्सी.चे प्रवेश बंद होणार होते. सासूच्या गुडघ्यांना शेक देता देता 'मी कॉलेजला जाऊ का?' असं कुठल्या तोंडानं विचारणार? ती एका तेजलपाशी बोलली होती, तेही कुणाला सांगू नकोस म्हणून शपथ घालून.

दुकानदारानं दोन कॅल्क्युलेटर समोर ठेवले. एक रंगीत पडद्याचा, चार्जिंगवाला, एकदम देखणा. दुसरा काळा, जाडजूड, सेलवर चालणारा. किरणनं दोन्हींत एकच समीकरण घातलं. रंगीत पडद्यावर आलेख झकास उमटला, पण साध्या साध्या गोष्टीला मेनूत शिरावं लागत होतं. काळ्याचं काम सरळ होतं. बटण दाबा, उत्तर घ्या. तिनं मॅट्रिक्स घालून पाहिल्या, सरासरी काढून पाहिली. मग साइनची लाट पडद्यावर इकडून तिकडे धावली आणि किरणबाई भर दुकानात खुदकन हसल्या. तेजलचा तिला हेवा वाटला. वाटला तर वाटला, माणूसच आहे ती!

पण पोरगी प्रामाणिक. "पप्पा, एक सांगू? हा आपल्या युनिव्हर्सिटीच्या परीक्षेत चालत नाही. तिथे साधाच न्यावा लागतो. कशाला उगाच एवढा खर्च?"

"परीक्षा येते आणि जाते. अभ्यासाला उपयोग आहे ना? आणि पुढे नोकरीत?"

"शिकवायच्या नोकरीत तर खूपच! आकडा बदलला की आलेख कसा सरकतो, ते पोरांना तिथल्या तिथे..." किरणनं जीभ चावली. तेजल कुठे शिकवणार होती? "म्हणजे, इंजिनिअरलाही लागतोच."

"तू घेतला असतास तर कुठला घेतला असतास?"

"काळा. रंगीताचं चार्जिंग ऐनवेळी संपलं की वाट लागली. सेल काय, नाक्यावरही मिळतात."

"काळा बांधा," भीमराज म्हणाले.

"आठवडाभरात बदलून देईन," दुकानदार पिशवी पुढे करत म्हणाला. "पण ओरखडा दिसला तर नाही हां, काका."

बाहेर पडल्यावर भीमराज घराकडे वळलेच नाहीत. ते तडक समोरच्या भांड्यांच्या दुकानात घुसले आणि किरण त्यांच्यामागे धावली. सासऱ्यांची खोड तिला माहीत होती. लोक ताटांवर, डब्यांवर नाव घालून घेतात. यांनी घरातला कुकर, किसणी, टॉर्च, पाने-पक्कड, एवढंच काय, टेबलफॅनसुद्धा सोडला नव्हता. नाव नसलेली वस्तू ही त्यांच्या मते दुसऱ्याची वस्तू.

"पप्पा, नाही हां! यावर नाव नसतं घालायचं. परत घेणार नाही तो!"

"परत द्यायचाय कुणाला?" त्यांनी डबा उघडून कॅल्क्युलेटर भांडेवाल्यापुढे पालथा ठेवला.

भांडेवाला नाव कोरायचं यंत्र घेऊन बसला होता. त्यानं बोटानं टकटक करून पाहिलं. "प्लास्टिक आहे, काका. जपून करतो. काय नाव?"

"तेजल," किरण कशीबशी म्हणाली.

"किरण," भीमराज म्हणाले.

"माझं कशाला?"

"मग कुणाचं? मुलीसाठी म्हटलं होतं मी. तेजलचं नाव तू घेतलंस." भीमराजना हसू आवरेना. "शपथ मोडली तिनं. सगळं सांगितलं. शुक्रवारची वाट कशाला बघायची? उद्याच जाऊन ॲडमिशन घे."

"पण आईंचे गुडघे... घरचं कसं होणार?"

"ते मी तिला विचारलं. माझ्यावरच डाफरली. म्हणाली, गुडघे दुखतात माझे, हात नाही. बसल्या बसल्या भाकऱ्या थापीन. आणि भांडी तुम्ही घासा."

"तुम्ही घासणार?"

"घासतो की. नाव वाचत वाचत घासतो."

किरण रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळेना. तिनं भर बाजारात सासऱ्यांचा हात घट्ट धरला आणि सोडला नाही. एवढा आनंद तिला निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

"अहो, यंत्र चालू आहे माझं," भांडेवाला वैतागला. "किरणच्या आधी काय घालू? सौभाग्यवती?"

"ते ताटवाट्यांना ठेव," भीमराज म्हणाले. "इथे 'प्राध्यापक' घाल. नंतर खाडाखोड नको."