एंजलचं स्पेलिंग

“बाबा, वेल्डिंग थांबवा. सही पाहिजे.”

घाटंजीच्या बाजाररोडवर धरमसिंगचं ग्रिल-गेटचं दुकान. त्यानं तोंडासमोरची वेल्डिंगची काच खाली घेतली. समोर त्याची दहावीतली पोरगी, एंजल, बोर्डाचा फॉर्म धरून उभी होती. फॉर्मात एक रकाना होता: नावात दुरुस्ती असल्यास लिहा. आज शेवटचा दिवस. यानंतर जे नाव छापून येईल, ते जन्मभराचं.

“काय दुरुस्त करून राह्यली?”

“स्पेलिंग. माह्या जन्मदाखल्यात तुम्ही ए-एन-जी-एल-ई लिहून दिलं. त्याचं अँगल होते. एंजलमध्ये ई आधी येते, एल मंग.”

“पण एकच नं ते?” धरमसिंग अगदी मनापासून म्हणाला. “आपण अँगल म्हणतो, शिकलेले एंजल म्हणतात.”

एंजलनं कपाळावर हात मारला. सहावीपासून वर्गातले पोट्टे तिला ‘काटकोन’ म्हणून चिडवत होते. पण बापाला वाईट वाटेल म्हणून या बयेनं घरी चकार शब्द काढला नव्हता. आता मात्र तिनं भिंतीला टेकवलेल्या लोखंडी अँगलकडे बोट दाखवलं.

“ते अँगल. मी एंजल. एंजल म्हणजे देवदूत, बाबा.”

धरमसिंग लोखंडाकडे पाहत राहिला. चांगलाच ओशाळला बिचारा.

“लोखंडाच्या बिलावर रोज पाहत होतो नं. तेवढंच एक स्पेलिंग पाठ होतं मले,” तो म्हणाला. “तू दीड किलोची झालती. काचेच्या पेटीत ठेवलं होतं तुले. डॉक्टर म्हणे, काही सांगता येत नाही. तुही आई नुसती रडून राह्यली होती. तेवढ्यात नर्स आली, हसली अन् म्हणे, ‘एंजल है आपकी बेटी.’ मले वाटलं, जाणती बाई आहे. पोरगी अँगलसारखी मजबूत आहे म्हणते, म्हणजे वाचते. तुह्या आईले तसंच सांगितलं. तवा कुठं तिनं दोन घास खाल्ले.”

हसावं की रडावं, एंजलला कळेना. हे सारं तिला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

“लिही बरोबर करून,” धरमसिंग म्हणाला. “नाव तुहं आहे. पण बरं झालं, मले तवा इंग्रजी येत नव्हतं. देवाघरची आहे असं समजलं असतं, तं मी तिथंच खचलो असतो.”

एंजलनं पेनचं टोपण काढलं आणि त्या रकान्यात लिहिलं, ‘दुरुस्ती नाही’.