हयातीचा दाखला

निवडणूक जवळ आली की ज्याला त्याला एक शूर पणजोबा हवा असतो. जयसिंगराव काटकरांनी तर आपला पणजोबा थेट मंडपातच उभा केला. लष्कराच्या जुन्या पेन्शनच्या कागदांवर अंगठ्याचा घाम उरलेला असतो आणि दरवर्षीची जबानीही. तेवढ्यावरून मेलेला माणूस बोलता करणारं यंत्र आता तालुक्याला लाउडस्पीकरसारखं भाड्याने मिळत होतं.

काचेच्या पेटीत फेटा बांधलेला म्हातारा उजळला. जयसिंगरावांनी फोटोग्राफरकडे बघत त्याला नमस्कार केला.

"आबा, मी तुमचा पणतू. लोकांना बसऱ्याच्या लढाईचं सांगा."

"पणतू कुणाकडनं?"

"तुमच्या थोरल्याकडनं. बाळकोबांचा नातू."

म्हाताऱ्याने त्यांना फेट्यापासून बुटापर्यंत न्याहाळलं.

"बाळक्याचा व्हय. मी लढाईवर असताना त्यानं बाप मेला म्हणून सांगितलं आन् जमीन नावावर करून घेतली. मग हयातीच्या दाखल्याला दरसाल कचेरीत जाऊन मी अंगठा देत बसलो, की बाबांनो, मी जिता हाय."

मंडपात कुणीतरी फिसकन हसलं.

"जुनं जाऊ द्या, आबा," जयसिंगराव घाईघाईने म्हणाले. "मी केलं ना तुम्हाला परत जिवंत."

"त्याला जमीन हवी हुती, म्हणून त्यानं मारलं. तुला काय हवंय?"

जयसिंगरावांनी यंत्रवाल्याला बंद करायची खूण केली.

म्हाताऱ्याने ती बघितली. "हां," तो म्हणाला, "बाळक्याचाच हाईस."