सात रानबकऱ्या

“तुम्ही व्हा पुढे. माझ्या गुडघ्यांनी संप पुकारलाय,” म्हणत घड्याळजींची बायको पहिल्याच वळणावरच्या दगडावर बसली.

“अगं, पण इथे एकटी?”

“या वयात मला कोण पळवून नेतंय! आणि नेलंच तर संध्याकाळपर्यंत परत आणून सोडेल. जा, रानबकऱ्या बघून या.”

घड्याळजी हसत चढाला लागले. चाळीस वर्षं त्यांनी डोळ्याला भिंग लावून लोकांच्या घड्याळांतली बारीक चाकं बसवली होती. दुकान मुलाकडे सोपवल्यावर एकच हौस उरली होती : रानातली बकरी रानात बघायची. गेली दोन वर्षं ते या राष्ट्रीय उद्यानातून हात हलवत परतले होते. आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, ही शेवटची खेप, यापुढे डोंगर बंद.

“आज एक तरी दिसू दे रे देवा त्यांना,” ती पुटपुटली.

तासाभराने वरून दगड घरंगळले. तिने मान वर केली आणि श्वासच रोखला. कड्यावरून एक बकरी उतरत होती. तिच्यामागून दुसरी. मोजता मोजता सात झाल्या. एक पिल्लू तर थेट तिच्यापाशी आलं, काठी हुंगून मुठीवरचा खारट घाम चाटू लागलं. तिला हसू आवरेना.

मग एकदम तिच्या मनात आलं : ज्यांच्यासाठी मागितलं ते राहिले बाजूलाच, आणि देवाने सगळं माझ्याच ओंजळीत ओतलं! बकऱ्या निघून गेल्यावर तिने काठीची मूठ रुमालाने स्वच्छ पुसली. ह्यांच्यापाशी चकार शब्द काढायचा नाही.

दुपारी घड्याळजी उतरले ते लांबूनच हात हलवत.

“दिसल्या!”

“काय सांगता! किती?”

“सात. दोनदा मोजल्या. त्यातलं पिल्लू तर महा आगाऊ.”

ती चपापली. “कुठे हो दिसल्या?”

“वर तर चिटपाखरू नव्हतं.” घड्याळजी तिच्या शेजारी टेकले. “म्हटलं, निदान तू बरी आहेस ना ते तरी बघावं. तुझ्यावर दुर्बीण लावली, तर या सारख्या मध्ये मध्ये कडमडत होत्या!”