लाल दोऱ्याची गुंडी

घरात केबल आल्यापासून शांतव्वाचा थोरला, शशिधर, न्यायाधीशच झाला होता. तपास नको, साक्ष नको. बातम्यांत तोंडावर काळा कपडा घातलेला आरोपी दिसला, की हा ताटावरूनच ओरडायचा, "फाशी द्या की ह्याला!"

"मग कोर्टाला पगार कशाला देत्यात?" शांतव्वा फटकारायची.

सोमवारी मलकापूरच्या खुनातला आरोपी दाखवला. त्याच्या अंगात शशिधरसारखाच चौकड्याचा शर्ट. असतील एका ताग्यातले, म्हणून शांतव्वानं सोडून दिलं. बुधवारी नेसरीचा दरोडेखोर दाखवला. त्याच्याही अंगात तोच.

शांतव्वा दोन यत्ता शिकलेली, पण नजर सुईच्या नेढ्यातून आरपार जाणारी. शुक्रवारी सकाळी तिनं शशिधरच्या शर्टाची दुसरी गुंडी उसवली आणि मुद्दाम लाल दोऱ्यानं शिवली. बघू तरी!

दुपारी हातकणंगल्याची बातमी लागली. पोलिसांच्या मधोमध तोंड झाकलेला माणूस. ती टीव्हीला नाक लावून बसली. दुसऱ्या गुंडीचा दोरा लाल होता.

"फाशी!" मागनं शशिधर भाकरी मोडत ओरडला.

पडद्यावर पोलिसांनी त्या माणसाला गाडीत कोंबलं. झटापटीत ती गुंडी तुटून उडाली.

मागं फरशीवर काहीतरी पडलं, गरगरलं आणि थांबलं.

शांतव्वा वळली. शशिधर जागचा हलला नव्हता. त्याच्या छातीवर नुसता लाल दोरा लोंबत होता.

"अव्वा, अशी काय बघतीस?"

"तू केलंस का न्हाईस, मला ठावं न्हाय," ती म्हणाली. "पर फाशी तूच दिलीयास."